कौल लावायचा, पण कशाचा?

पत्राचा सारांश: लेखिका सत्तावीस वर्षांची. कुडाळजवळच्या गावात आईवडिलांबरोबर राहते आणि तालुक्याच्या गावी एका पतपेढीत नोकरी करते. घरची काजूची बाग आहे, थोडी भातशेती आहे. पाच वर्षांत तिनं साडेचार लाख रुपये साठवलेत. आता पाठीला सॅक लावून एकटीनं, रेल्वेनं, २६ दिवसांत युरोपातले नऊ देश बघायचं तिच्या मनात आहे. सप्टेंबरात, कारण तेव्हा विमानाचं तिकीट उतरतं. मुंबईचा भाऊ म्हणतो, ग्रुप टूर घे. काका म्हणतात, आधी लग्न कर, मग नवऱ्याबरोबर जा. वडील काहीच बोलत नाहीत. आई फक्त "एकटीच जातलंस?" एवढं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "देवीक कौल लावया." लेखिका विचारते: घरच्यांच्या विरोधाला तोंड कसं देऊ? कौल डावा आला, म्हणजे देवीनं नको म्हटलं, तर काय करू? आणि हे सगळं करताना मी स्वार्थी ठरते का?

---

पत्रात तू मला ताई म्हटलंयस, म्हणून अगंतुगं करते. वय विचारशील तर मावशी म्हटलेलं जास्त शोभलं असतं.

तुझं पत्र सहा पानांचं. त्यातली साडेचार पानं कोण काय म्हणालं यावर गेलीत. नऊ देश एका ओळीत उरकलेस, वाण्याकडे द्यायच्या यादीसारखे: ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, चेक, ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड. मात्र पाचव्या पानावर, समासात आडवं करून, तू असं लिहिलंयस: "आमच्या बागेच्या खालून रूळ जातात. लहानपणी मी गाडी बोगद्यातून बाहेर पडायची वाट बघत बसायचे. दुसऱ्यांच्या डोंगरातून गाड्या कशा जातात ते बघायचंय." कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत सलग धावायला लागली आणि तू म्हणतेस तुझा जन्मही त्याच वर्षीचा. म्हणजे तू आणि ती गाडी बरोबरीनंच वाढलात. मला तुझं खरं पत्र ते समासातलं वाटलं. त्याच्याकडे मी परत येणार आहे, पण आधी घरचं बघू.

तू "घरच्यांचा विरोध" असा शब्द वापरलास. मी पत्र पुन्हा वाचून विरोधक मोजले. भावानं जाऊ नकोस असं म्हटलेलं नाही, दुसऱ्या पद्धतीनं जा म्हटलंय. वडील गप्प आहेत. आमच्या कोकणातले बाप गप्प बसतात तेव्हा निम्म्या वेळा ते मनातल्या मनात पैशांचा हिशेब करत असतात. कानावर पडू दे त्यांच्या, की पैसे तुझेच आहेत आणि बागेवर कर्ज काढायला सांगणार नाहीयेस. राहता राहिले काका. ते एकटे विरोधात आहेत आणि ते वेगळ्या घरात राहतात.

आणि आई? आपल्याकडे कौल कधी लावतात ते आठव. विहीर कुठे खणायची, घराचं काम कधी काढायचं, मुलीचं जमवायचं की थांबायचं. जे करायचंच नाही असं मनात पक्कं असतं, ते घेऊन कुणी देवळाची पायरी चढत नाही. त्याला घरीच "नाही" म्हणून मोकळे होतात. तुझी आई कौल म्हणाली याचा अर्थ मी असा घेते की तिच्या मनातला नकार संपलाय आणि होकार एकटीच्या बळावर द्यायची तिला भीती वाटतेय. तिला कुणीतरी भागीदार हवाय. नवऱ्याकडून तो मिळेना, दिराकडून मिळायचा नाही, म्हणून ती देवीकडे निघालीय. तू मात्र ते पाऊल आपल्याविरुद्ध पडतंय असं समजून बसलीस.

मी स्वतः कौल लावणाऱ्यांतली नाही. लग्न होऊन सासरी आले तेव्हा सासूबाईंबरोबर देवळात उभी राहायचे, गुरव देवीच्या अंगाला कळे लावायचा आणि उजवा पडेपर्यंत सगळ्यांचा श्वास अडकलेला असायचा. तेव्हा एक गोष्ट शिकले. प्रश्न कसा घालतात यावर फार काही अवलंबून असतं आणि जाणती माणसं प्रश्न घालण्याआधी घरात बराच वेळ बोलतात. "जाऊ का नको?" असा प्रश्न तू घालू देऊ नकोस. कारण त्याचं उत्तर तुझ्याजवळ आहे. ते तू ठरवून बसलीयस आणि देवीलाही फसवायचं, आईलाही फसवायचं, हे बरं नव्हे. कौलाला जायच्या आधीच आईला सांग: "मी जाणार हे ठरलंय. कधी जाऊ आणि कुठल्या वाटेनं जाऊ, ते आपण विचारू." आधी सांग. डावा आल्यावर "मी तसंही जाणारच होते" म्हणालीस तर आई ते जन्मभर विसरणार नाही, आणि तिचं चुकतंय असं मला म्हणता येणार नाही.

स्वार्थाचा प्रश्न मी लवकर संपवते. वडिलांचं ऑपरेशन अडलंय, घराची कौलं फुटलीत आणि तू पैसे घेऊन निघालीस, असं काही तू लिहिलेलं नाहीस. पाच वर्षं तू पगार साठवलास. बास.

काकांना मात्र एवढंच विचार की लग्न झालं आणि नवऱ्याला रेल्वेचा कंटाळा असला तर मग कुणाबरोबर जायचं? भावाचं म्हणणं मी इतक्या सहज उडवणार नाही. ग्रुप टूर वाईट नसते. माझ्या दोन बहिणी गेल्या, आनंदात परत आल्या, रोज वरणभात मिळाला. पण त्यात तू बसच्या खिडकीतून रेल्वे बघशील. तुला जे हवंय ते तिथं मिळणार नाही, एवढंच त्याला सांग.

आता त्या यादीकडे. अगं, २६ दिवस आणि नऊ देश म्हणजे एका देशाला तीन दिवससुद्धा नाहीत. त्यातला एक दिवस सामान बांधणं, स्टेशन गाठणं, नवी खोली शोधणं यातच जातो. ही वाट तुला कुणी सुचवली? मला तर ती चार लोकांना सांगायला केलेली वाटते. "नऊ देश" म्हटलं की ऐकणारा गप्प होतो, काकासुद्धा. पण काकांना गप्प करायला साडेचार लाख घालवू नकोस. शिवाय पहिलाच देश ब्रिटन घेतलास, तो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी, कागद वेगळे. तो आधी काढून टाक, अर्धी कटकट तिथंच संपेल.

मग समासातल्या ओळीवरून वाट आखून बघू. मी शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर छप्पन्नाव्या वर्षी एकटी तीन आठवडे याच बाजूला फिरून आले, त्यामुळे इथं जरा लांबण लागेल. सांभाळून घे.

व्हिएन्नाला उतर. तिथून दक्षिणेला ग्राझकडे जाणाऱ्या गाड्या सेमरिंगच्या घाटातून जातात. कार्ल फॉन गेगा नावाच्या इंजिनिअरनं हा मार्ग १८४८ ते १८५४ या काळात बांधून घेतला. मौज अशी की बांधकाम सुरू झालं तेव्हा तो चढ चढू शकेल असं इंजिनच नव्हतं. रूळ आधी टाकायला घेतले आणि इंजिनासाठी १८५१ मध्ये स्पर्धा लावली! दगडी कमानींचे दुमजली पूल आजही वापरात आहेत. युनेस्कोनं या मार्गाला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो १९९८ मध्ये. साल ओळखीचं वाटलं ना? घाटाच्या पोटातून सध्या एक लांबलचक नवा बोगदा बांधतायत. तो सुरू झाला की लांब पल्ल्याच्या गाड्या खालून जाऊ लागतील, तेव्हा वरून जायची हौस असेल तर उशीर करू नये.

ग्राझहून स्लोव्हेनियात ल्युब्लियाना. तुझ्या यादीत हा देश नव्हता, कारण याचं नाव घेतलं तर कुणी गप्प होत नाही. तिथून येसेनित्सेमार्गे बोहिन्यची जुनी रेल्वे धर. १९०६ ची. दिवसाला मोजक्याच गाड्या असतात, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेव. ब्लेडच्या तळ्यावरून, बोगद्यांतून, सोचा नदीच्या काठानं ती नोवा गोरित्सापर्यंत उतरते आणि शेवटाला सोल्कानचा पूल लागतो. ८५ मीटरची एकच दगडी कमान. रेल्वेच्या दगडी पुलांत एवढी मोठी कमान जगात दुसरी नाही. नोवा गोरित्साच्या स्टेशनातून बाहेर आलीस की समोर चौक आहे आणि त्या चौकाच्या मधून दोन देशांची हद्द जाते. चौक ओलांडला की इटली. मी सॅक घेऊन चार वेळा इकडून तिकडे केलं, पोरासारखं. पासपोर्ट खिशात ठेव मात्र, मधूनमधून तपासणी होते.

मग व्हेनिस, मिलान, आणि मिलानहून कोमो तळ्याच्या कडेकडेनं तिरानो. आता खरी गंमत. कोकण रेल्वे बांधताना चढ किती ठेवला होता? दीडशे मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. तिरानोहून स्वित्झर्लंडमधल्या सेंट मोरित्सला जाणारी बर्निना रेल्वे चौदा मीटरला एक मीटर चढते, आणि दात असलेला मधला रूळ नाही, साधेच रूळ! ४२९ मीटर उंचीवर निघते आणि २२५३ मीटरवर खिंड ओलांडते. ब्रूझियोला तर उतार-चढ जमवायला गाडी स्वतःच्याच रुळाखालून जाते आणि एका गोल पुलावरून अख्खी फेरी मारून वर येते. पुढे आल्बुला मार्गावर लांडवासरचा पूल येतो, ६५ मीटर उंच, आणि पूल संपतो तो सरळ कड्यातल्या बोगद्यात. आपला रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. एका मीटरचा फरक! मुंबईला जाताना त्या पुलावरून तू कितीदा गेली असशील आणि बहुतेक वेळा झोपलेली असशील. जायच्या आधी एकदा दिवसाच्या गाडीनं जाऊन तो जागेपणी बघ, म्हणजे तिकडचा बघताना मनात काहीतरी असेल.

काचेच्या मोठ्या खिडक्यांची जी बर्निना एक्स्प्रेस जाहिरातीत दिसते तिला आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. त्याच रुळावरून साधी लोकल गाडीही जाते. तिला आरक्षण लागत नाही, खिडकी उघडता येईल असा डबाही बऱ्याचदा मिळतो. हवी तिथं उतरावं, पुढची पकडावी. मी तेच केलं.

हे झाले चार देश, २४ दिवस. कुणी "फक्त चारच?" म्हणालं तर म्हणू दे.

रेल्वेच्या पासचं सांगते, कारण यात बरेच जण फसतात. युरोपाबाहेरच्या लोकांसाठी युरेल पास असतो, ३३ देशांत चालतो. प्रवासाच्या पहिल्या दिवशी वय २७ किंवा त्याहून कमी असेल तर तरुणांच्या सवलतीत मिळतो. तुझी घाई कशाचीच नाही, फक्त ही एक आहे. पण पास म्हणजे स्वस्त असं समजू नकोस. फ्रान्स, स्पेन, इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे पैसे भरावे लागतात. ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत पास दाखवून नुसतं चढता येतं. स्लोव्हेनियातली आणि इटलीतली साध्या गाड्यांची तिकिटं मुळात स्वस्त, त्यावर पासचा दिवस खर्च करू नये. महिन्यात कुठलेही चार, पाच किंवा सात दिवस चालणारे पास मिळतात. तुझ्या वाटेतले महाग दिवस वेगळे काढ, त्यांची सुटी तिकिटं जोड आणि मग पासच्या किमतीशी ताडून बघ. पतपेढीतल्या मुलीला बेरीज शिकवायला नको.

पैशांवरून आठवलं. तुझी शिल्लक तुझ्याच पतपेढीत ठेव म्हणून आहे असं दिसतं. व्हिसासाठी बँकेच्या खात्याचा किमान तीन महिन्यांचा उतारा मागतात आणि अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यात एकदम चार लाख आलेले दिसले तर त्यांच्या भुवया वर जातात. म्हणून लागणारी रक्कम आत्ताच बँकेच्या खात्यात आण, पगारही तिथंच जमा होऊ दे. पतपेढीकडून रजा मंजूर असल्याचं आणि परत येऊन कामावर रुजू होणार असल्याचं पत्र लेटरहेडवर घे. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निघायच्या किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. फी ९० युरो. निदान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, म्हणून ऑस्ट्रियाला एकदोन दिवस जास्त दे म्हणजे घोळ नाही. बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रात स्वतः जावं लागेल. आणि हो, तुझ्या वयाला कुणाच्या संमतीपत्राची गरज नाही, काकांच्या तर नाहीच नाही.

डेबिट कार्डावर परदेशातले व्यवहार बंद ठेवलेले असतात, ते ॲपमधून आधी चालू कर. दोन कार्डं ने, एक अंगावर, एक सॅकच्या तळाला. तिकडे यूपीआयच्या भरवशावर राहू नकोस.

आता "एकटीच" या शब्दाकडे येते. तुझ्या मनात त्या शब्दाला पंख आहेत आणि आईच्या मनात दात. खरं मधलंच आहे काहीतरी. अंगावर कुणी धावून येईल ही भीती मी तुला घालणार नाही, पण मोठ्या स्टेशनांवर पाकीटमार आहेत आणि ते सुरेख कपडे घालतात. नव्या गावात उजेडी पोचायचं, हा माझा एकच कडक नियम. मी तुला सप्टेंबरऐवजी जूनमध्ये पाठवणार आहे, का ते पुढे सांगते; जूनमध्ये तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा तो पाळणं अवघड नाही. पहिल्या दोन रात्रींची जागा इथूनच ठरव. होस्टेलमध्ये फक्त बायकांची खोली मागता येते. रात्रीच्या नाइटजेट गाड्यांतसुद्धा बायकांचा वेगळा कप्पा आरक्षित करता येतो. मदतीचा नंबर ११२, आपल्याकडे आहे तोच. व्हिएन्ना, ल्युब्लियाना, रोम आणि बर्नला आपला दूतावास आहे, मिलानला वकिलात. त्यांचे पत्ते फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेव.

माझी फजिती वेगळीच झाली. शांत जागा मिळावी म्हणून मी गाडीच्या शेपटाकडे जाऊन बसले. एका जंक्शनवर गाडीचे दोन तुकडे झाले, पुढचे डबे मला जायचं होतं तिकडे गेले, आणि मी ज्याचं नाव कधी ऐकलं नव्हतं अशा गावी संध्याकाळी साडेआठला उतरले. डब्याच्या दारावर तो डबा कुठे जाणार ते लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. तीस वर्षं मुलांना "आधी प्रश्न नीट वाचा" म्हणून ओरडले, तरीही.

पण त्याहून कठीण गेली ती तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ. काही वाईट घडलं नव्हतं. होस्टेलच्या वरच्या बंकवर पाय लोंबकळत बसून बिस्किटं खात होते आणि एकदम रडूच आलं. सगळं सुंदर दिसत होतं आणि "बघ ना" म्हणायला कुणी नव्हतं. बऱ्याच जणांचं असं होतं, त्यासाठी तयार राहा. तो दिवस रिकामा ठेव, कपडे धू, एका जागी दोनदा जाऊन चहा घे. चौथ्या दिवशी माणूस सावरतो. नऊ देशांच्या यादीत या संध्याकाळीला जागाच ठेवलेली नाही, हा माझा तिच्यावरचा खरा आक्षेप आहे.

म्हणून आधी रंगीत तालीम कर. दिवाळीनंतर आठ दिवसांची रजा टाक, तुझ्या स्टेशनावर थांबणारी दक्षिणेकडची गाडी धर, आणि तिरुवनंतपुरम गाठ. तिथून कन्याकुमारी, मदुराई, रामेश्वरम. पांबनचा नवा रेल्वेपूल २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला, मधला भाग उभा वर उचलला जातो. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, जेवण वेगळं. म्हणजे तिकडच्या बऱ्याचशा अडचणी इथंच भेटतील, आणि अगदीच नाही जमलं तर दीड दिवसात घरी. सॅक भरून घरामागची घाटी चढूनही बघ. दम लागला तर निम्मं सामान काढ. आठ किलोच्या वर काही नेऊ नकोस.

ज्यांच्याकडे साडेचार लाख नाहीत पण डोक्यात हेच खूळ आहे अशांचीही पत्रं येतात, त्यांना मी पूर्वेकडे बघा म्हणते. मलेशियातून थायलंडला जाताना पडांग बेसार स्टेशनात दोन्ही देशांचे शिक्के एकाच इमारतीत मिळतात. बँकॉकहून लाओसच्या व्हिएन्तियानपर्यंत २०२४ पासून थेट रात्रीची गाडी आहे, आणि तिथून २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या नव्या मार्गानं दोन तासांत लुआंग प्राबांग. देश तीन, खर्च पुष्कळ कमी. व्हिसाचे नियम तिकडे सारखे बदलतात, ते निघताना ताजे बघावेत.

सप्टेंबर? पोरी, कॅलेंडर बघितलंस का? कितीही लांब असला तरी चाकरमानी गणपतीसाठी ज्या दिवसांत घरी येतो, त्या दिवसांत तू घरातून निघणार? मग विरोध होईल तो खरा होईल आणि मी आईच्या बाजूला उभी राहीन. तिकीट थोडं महाग पडू दे, पण मे संपता संपता निघ. काजू-आंबा आटोपलेला असेल. पंचवीस जूनपर्यंत परत, लावणीला घरात. मात्र कुडाळहून मुंबईच्या विमानतळाला त्याच दिवशी पोचायचा बेत करू नकोस. पाऊस लवकर आला तर दरड कुठे येईल सांगता येत नाही. दोन दिवस आधी भावाकडे जाऊन राहा. त्याला विमानतळावर सोडायचं काम दे, म्हणजे टूरचं बोलणं थांबेल.

आईलाही काम लागेल. ती डबा भरणारच. कुळथाची पिठी, आमसुलं, पोहे, मेतकूट खुशाल ने. तुपातले लाडू आणि पेढे नकोत, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत. हापूसही नाही. फळांना प्रमाणपत्र लागतं, फक्त अननस, केळं, खजूर, दुरियान आणि नारळ यांना लागत नाही. नारळ चालतो हे आईला आवर्जून सांग, तिला बरं वाटेल. सुकं खोबरं मात्र पेट घेणारा माल म्हणून विमानवालेच अडवतात. सुका जवळा न्यायला युरोपाचे नियम आड येत नाहीत, पण आठ बायकांच्या खोलीत तू तो डबा उघडलास तर पुढच्याची जबाबदारी माझी नाही.

रोज एकदा घरी फोन कर, एकाच वेळी. आई नऊ वाजता जेवणं आटोपून पडवीत बसते असं तू लिहिलंयस. तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. चोवीस तास फोनवर तू कुठे आहेस ते तिला दिसायला हवं, असं काही ठरवू नकोस. बॅटरी संपली तर ती रात्रभर जागी राहील. त्यापेक्षा तारखांच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला २४ दिवसांची २४ खणं आखून, प्रत्येक खणात मराठीत गावाचं नाव लिहून, ते पडवीच्या खांबाला अडकव. वडील येताजाता वाचतील. बोलणार नाहीत, पण वाचतील.

आणि तोच कागद घेऊन आईबरोबर देवळात जा. गुरवाला गाऱ्हाण्यात सगळी गावं घेऊ दे: व्हिएन्ना, ग्राझ, ल्युब्लियाना, नोवा गोरित्सा, व्हेनिस, मिलान, तिरानो, सेंट मोरित्स. वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणी लेकराची राखण कर, व्हय म्हाराजा. ल्युब्लियाना मात्र आदल्या रात्री दोघींनी चारदा म्हणून बघा. गुरव अडखळला तर पुढे होऊन सांगायला आई तरी तयार हवी.